पुढे केलेला हात

सुशीलाताई,

काल सकाळी तुमच्या टेबलावरचा फोन वाजला. मी नेहमीसारखी उठले, रिसीव्हर उचलला, आधी "नमस्कार" म्हटलं, मग कंपनीचं नाव सांगितलं, मग माझं. पुण्याची पार्टी होती, तांब्याच्या तारांची. "गांगुर्डे मॅडमना द्या," ते गृहस्थ म्हणाले. मी म्हणाले, "एक मिनिट हं," आणि रिसीव्हर तुमच्या खुर्चीकडे धरला. खुर्ची टेबलाच्या आत सरकवून ठेवलेली होती. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि माझा हात अजून तिकडेच जातो.

मग मी त्यांना सांगितलं. नंतर ते म्हणाले, "मग आता ऑर्डरचं कोणाशी बोलायचं?"

मला राग आला नाही. तुम्हीच सांगायचात, की माणसाला वाईट बातमी एकदम कळली की तो आधी कामाचंच बोलतो, त्याला दुसरं काही सुचत नाही, त्याला थोडा वेळ द्यावा. मी दिला. तारेच्या मापाबद्दल दोन-तीन वाक्यं झाली आणि त्यांचा आवाज बसला. "फार चांगल्या होत्या हो बाई," ते म्हणाले. "माल खराब आला म्हणून तक्रारीचं पत्र लिहायच्या, त्यातसुद्धा शेवटी वडिलांची तब्येत विचारायच्या."

मी रिसीव्हर ठेवला आणि टाईपरायटरला कागद लावला. सव्वाशे पुरवठादारांना कळवायचं आहे. "कळवण्यास अत्यंत खेद होतो की" इथवर टाईप केलं आणि थांबले. हा मजकूर तुम्हीच मला शिकवला होतात. कुणाच्या तरी निधनाचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर लिहिताना. तुम्ही म्हणालात, खेद एकदाच लिही, दोनदा लिहिला की खोटा वाटतो. म्हणून ते पत्र तसंच अर्धं ठेवून हे लिहायला घेतलंय. यात खेद किती वेळा येईल, मला सांगता येत नाही.

पंच्याहत्तर साली मी सायखेड्याहून आले, तेव्हा वीस वर्षांची होते. टायपिंगची परीक्षा पास, पंचवटीत मामांकडे राहायला, आणि सातपूरच्या बसचा नंबर कागदावर लिहून घेतलेला. आपल्या पर्चेसच्या खोलीत तीन टेबलं होती आणि काचेपलीकडे मॅनेजरसाहेबांची केबिन. तुम्ही उठून उभ्या राहिलात. शिपाई आला तरी तुम्ही खुर्चीत जरा सावरून बसायचात, पण नवीन माणसासाठी तर उभंच राहायचं, हा तुमचा नियम. खळ केलेली सुती साडी, उजव्या मनगटावर घड्याळ. "मी सुशीला गांगुर्डे," म्हणालात आणि हात पुढे केलात.

मी त्या हाताकडे बघत राहिले. आमच्याकडे बाईला भेटलं की हळदीकुंकू लावायचं, मोठी असेल तर वाकायचं. पुरुष बांधावरून एकमेकांना रामराम घालायचे. कुणाचा हात हातात घेऊन भेटायचं, हे मी पाहिलंच नव्हतं. मी पर्स काखेत दाबली आणि हात जोडले. तुमचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तुम्ही तो खाली घेतलात, टेबलावरचं पेन उचलून सरळ ठेवलंत आणि म्हणालात, "बस. पाणी पितेस?"

ताई, त्या दिवशी मला तुमची जात माहीत नव्हती. हे एक वाक्य अकरा वर्षं माझ्या तोंडाशी येऊन परत गेलं. गांगुर्डे आडनावावरून आपल्याकडे काही कळत नाही. ते सगळ्यांत असतात. म्हणून तर येणारा प्रत्येक जण नमस्कार झाला की विचारायचा, "गांगुर्डे म्हणजे कुठल्या?" तुम्ही म्हणायचात, "नाशिकरोडच्या." "नाही, मूळ गाव?" "ओझरच्या बाजूला." मग तो घुटमळायचा. तेव्हा तुम्ही हसून म्हणायचात, "पुढचा प्रश्न विचारायचा असेल तर विचारा, उत्तर आहे माझ्याकडे." बहुतेक जण मग पावसापाण्याचं बोलायला लागायचे. एकाने खरंच विचारलं. तुम्ही सांगितलंत, "आम्ही बौद्ध." आणि त्याच दमात, "चहा घेणार ना?" त्याला हो म्हणावं लागलं. मी ते ऐकलं तेव्हा नोकरीला दोन आठवडे झाले होते. तेव्हा मला तो पहिला दिवस आठवला, आणि तुम्हाला काय वाटलं असेल ते कळलं.

पण मला माहीत असतं तर? हा प्रश्न मी टाळते. सायखेड्याची, वीस वर्षांची, मामीने निघताना "कुणाच्या डब्यातलं खाऊ नको" म्हणून बजावलेली मुलगी. तिने काय केलं असतं, याची खात्री मला देता येत नाही.

तुम्ही मात्र मला शिकवायला घेतलंत. दुपारी साहेब जेवायला गेले की तुम्ही मला दाराबाहेर काढायचात. "आता मी मुंबईहून आलेला व्यापारी. आत ये." मी आत यायचे. "चपला का वाजवतेस? परत." मी परत. "माझ्याकडे बघून बोल, माझ्या टोपीकडे नको." तुमच्या डोक्यावर कसली टोपी! पण तुम्ही इतक्या गंभीरपणे म्हणायचात की मला ती दिसायला लागायची. कुणी व्हिजिटिंग कार्ड दिलं तर ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकायचं नाही. दोघांची ओळख करून देताना दोघांची पूर्ण नावं घ्यायची. फोनवर "कोण बोलतंय" नाही, "आपण कोण बोलताय." आणि शेकहँड. तुम्ही माझा हात धरून दहा वेळा करवून घेतलात. "भिजलेल्या पोळीसारखा हात देऊ नकोस गं. माणूस आहेस ना तू पलीकडे?"

मला ते जमलं, पण पटलं नाही. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, नमस्कार आपला आहे, त्यात काय कमी आहे? साहेबलोकांचं कशाला घ्यायचं? परक्या पुरुषाचा हात धरायचा म्हणजे काय? तुम्ही डब्यातली भाकरी मोडत ऐकून घ्यायचात. "नमस्कार छानच आहे," म्हणायचात. "मी करते की. पण तू एक बघ. कोण आधी करतो ते बघ, आणि किती लांबून करतो ते बघ."

मी बघत नव्हते. मला वाटायचं, तुम्हाला शहरी दिसायची हौस आहे.

मग माधवशेठचं झालं.

ओतकामाचे भाग द्यायचे ते. शहरात त्यांचा जुना कारखाना, वागणं अतिशय गोड. सगळ्यांच्या घरची चौकशी करायचे, द्राक्षांच्या दिवसांत पेटी आणायचे. साहेबांपासून परवा लागलेल्या शिकाऊ इंजिनिअरपर्यंत प्रत्येक पुरुषाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवायचे. तुम्हाला मात्र दारातूनच हात जोडायचे, "काय बाई, ठीक?" त्यांच्या मालाची सगळी बोलणी तुमच्याशीच असायची. एकदा तुम्ही उठून हात पुढे केलात. ते नम्रपणे म्हणाले, "राग मानू नका बाई, आमच्यात बायकांशी शेकहँड करायची पद्धत नाही." तुम्ही लगेच हात जोडलेत. "राग कसला? नमस्कार." आणि नंतर मलाच समजावलंत, की एखाद्याची पद्धत असते, ती मानायची, त्यात अपमान वाटून घ्यायचा नाही.

महिन्याभराने मुंबईच्या कंपनीतून एक इंजिनिअर बाई आल्या. गोऱ्या, केस कापलेले, मराठी जेमतेम येणाऱ्या. माधवशेठ तिथे बसलेलेच होते. बाईंनी हात पुढे केला आणि शेठ ताडकन उठले, दोन्ही हातांनी शेकहँड केला. "वेलकम, वेलकम मॅडम." त्यांना आपल्या कारखान्याचा पत्ता समजावून सांगितला, पुन्हा हात मिळवला.

तुम्ही ते पाहिलंत. मीही पाहिलं. त्या बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, शेठ निघायला उठले, तेव्हा तुम्ही टेबलाला वळसा घालून पुढे आलात आणि हात पुढे केलात. खोलीत तुम्ही, ते आणि मी. शेठनी खुर्चीवरची फाईल उचलली. साधी पातळ फाईल, ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "येतो," म्हणाले.

तुम्ही हात खाली घेतला नाहीत. शांतपणे म्हणालात, "माधवशेठ, मला वाटलं तुमच्याकडची पद्धत बदलली."

त्यांचा चेहरा लाल झाला. ते निघून गेले. तुम्ही खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिलात, माझ्याकडे पाठ करून. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी टेबलावरचे कार्बन पेपर जुळवत बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आधी तुम्हाला आत बोलावलं, मग मला. शेठनी तक्रार केली होती, की बाई उद्धट बोलल्या, ऑफिसात बोलावून अपमान केला. "विमल, तू तिथेच होतीस," साहेब म्हणाले. "नेमकं काय झालं? ते आधी काही वावगं वागले का?"

माझं नोकरीत कायम होण्याचं पत्र त्यांच्या टेबलावर सहीसाठी होतं. मला ते उलटं वाचता येत होतं. घरी भावाचं शिक्षण माझ्या पगारावर होतं. ही कारणं खरी आहेत, ताई, पण मी ती तुमच्यापुढे ठेवत नाही. मी म्हणाले, "साहेब, मी टाईप करत होते. माझं लक्ष नव्हतं."

तेवढंच. साहेबांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक तेच हवं होतं.

तुमची स्टोअर्सला बदली झाली. शेरा होता, की पुरवठादारांशी वागण्याची रीत नाही. रीत नाही! ज्या बाईने मला दारातून आत यायला शिकवलं, तिला. आवाराच्या टोकाला पत्र्याचं ते शेड, नटबोल्टची कपाटं आणि एक खिडकी. बाहेरचं माणूस तिथे येतच नसे, त्यामुळे भेटायचं कुणाला आणि उठून उभं राहायचं कुणासाठी? तीन वर्षं तुम्ही तिथे काढलीत.

बदलीनंतर पंधरा दिवसांनी मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. दुपारी तुम्ही मुद्दाम आवार ओलांडून आलात. "अभिनंदन," म्हणालात आणि माझा हात हातात घेतलात. घट्ट, नीट, जसा तुम्ही शिकवला होतात तसा. माझ्या तळहाताला घाम फुटला होता. तुम्हाला तो लागला असणार.

मी महिनाभर तुमच्याकडे जेवायला आले नाही. कामाचा बहाणा केला. मग एक दिवस तुम्हीच डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलात. "शेपूची भाजी आहे. तुला आवडते म्हणून जास्त आणलीय." मी खाली मान घालून खाल्ली. त्यानंतर रोज मीच शेडमध्ये यायला लागले आणि तिथे, लोखंडाच्या वासात, तुम्ही मला खरेदीचं काम शिकवलंत. दर कसे मागवायचे, नमुना कसा तपासायचा, नकार कसा कळवायचा की माणूस पुढच्या वेळी पुन्हा येईल. मी विचारायचे नाही, की हे मला का शिकवताय.

एकदा मात्र मी बोलले. मूर्खासारखं बोलले. म्हणाले, "ताई, तुम्ही त्या दिवशी नुसता नमस्कार केला असता तर काही झालं नसतं."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "बरोबर आहे. काही झालं नसतं," म्हणालात. आणि थोड्या वेळाने, "काहीच झालं नसतं."

मला तेव्हा ते एकच वाक्य दोनदा म्हटल्यासारखं वाटलं होतं.

नवे साहेब आले, त्यांनी जुन्या फाईली वाचल्या आणि तुम्हाला परत आणलं. पुढे तुम्ही पर्चेस ऑफिसर झालात. तुमच्या दारावर नाव लागलं त्या दिवशी शिपायाने पेढे वाटले आणि तुम्ही त्याच्याशी सगळ्यांत आधी शेकहँड केलात. वर्षभरात तुम्ही मला टायपिस्टवरून पर्चेस असिस्टंट केलंत. तुमची शिफारस मीच टाईप केली. "पुरवठादारांशी बोलण्याची उत्तम रीत," असं एक वाक्य त्यात होतं. ते टाईप करताना माझी बोटं तीनदा चुकली. तुम्ही ते वाक्य मुद्दाम घातलंत का? विचारायचं राहिलं.

ओझरला गेलो ते आठवतं? विमानाच्या कारखान्यात आपल्या कंपनीचं नाव पुरवठादार म्हणून नोंदवायचं होतं. या वेळी आपण देणारे, ते घेणारे. तुम्ही सकाळपासून अस्वस्थ. मला दोनदा विचारलंत, साडी नीट आहे ना. आत गेलो तर एक वयस्क अधिकारी उठून उभे राहिले, टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांनीच आधी तुमच्यापुढे हात केला. नंतर माझ्यापुढे. मग बसा म्हणाले आणि कामाला लागले. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं.

परतीच्या एसटीत तुम्ही बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतात. बस दहाव्या मैलाच्या थांब्याशी आली तेव्हा आपणहून बोलायला लागलात.

"शाळेत आमचे एक मास्तर होते," तुम्ही म्हणालात. "शिकवायचे फार छान. सगळी मुलं वह्या त्यांच्या हातात द्यायची. मला म्हणायचे, ठेव तिथे टेबलाच्या कडेला. मग पट्टीने वही जवळ ओढायचे. तपासून झाली की पट्टीनेच परत सरकवायचे. मला कायम चांगले गुण द्यायचे, बरं का. आणि मी रोज नमस्कार करायचे, तेही रोज करायचे. हसून करायचे. नमस्कारात कुणाचं काही जात नाही गं विमल. हात द्यायचा तर जवळ यावं लागतं."

मी तुमच्या शेजारी बसले होते. आपले दंड एकमेकींना लागत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. पहिल्या दिवसाचं, साहेबांच्या केबिनमधलं, सगळं. मी वाक्य जुळवत राहिले. नाशिक आलं, तुम्ही पिशवी उचललीत. "चल, उद्या त्यांना आभाराचं पत्र टाकू," म्हणालात. मी म्हटलं, "हो."

त्यानंतर तीन वर्षं होती माझ्याकडे. तीन वर्षं थोडी नसतात.

शेवटी सांगायला निघाले ते हॉस्पिटलमध्ये. लहानपणीच्या तापाने तुमचं हृदय अधू झालं होतं, हे तुम्ही इतकी वर्षं आम्हाला कळू दिलं नव्हतंत. जिना चढून आलात की फाईल वाचायच्या निमित्ताने मध्येच थांबायचात, ते का, हे तेव्हा कळलं. तुम्ही उशीला टेकून बसल्या होतात आणि तारांच्या ऑर्डरचं विचारत होतात. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, माधवशेठचं झालं ना, त्या वेळी साहेबांनी मला बोलावलं होतं. मी त्यांना म्हणाले..."

"माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "साहेबांनीच मला ऐकवलं होतं."

मी टेबलावरचा पाण्याचा पेला झाकून ठेवला.

"शेठ फाईल उचलत होते तेव्हा टाईपरायटर बंद होता, विमल. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. तेवढं मला पक्कं आठवतं."

तुमच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. तुम्ही चादरीची सुरकुती हाताने सारखी केलीत आणि म्हणालात, "जा आता. सहाची बस जाईल तुझी." मी उठले. दारातून वळून पाहिलं तर तुम्ही डोळे मिटले होते. त्यानंतर भेट नाही.

म्हणजे नऊ वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. शेपूची भाजी आणलीत तेव्हा ठाऊक होतं. अभिनंदन करताना, शिफारस लिहिताना, एसटीत वहीची गोष्ट सांगताना ठाऊक होतं. तुम्ही मला क्षमा केली होती का, की क्षमा न करताच इतकं दिलंत? मला हे कळत नाही. कधी वाटतं, तुम्ही वाट बघत होतात. कधी वाटतं, माझ्याकडून तुमची काही अपेक्षाच उरली नव्हती, आणि हे जास्त लागतं.

परवा कंपनीच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. तुमचा फोटो, पांढरी फुलं, समोर शंभरेक माणसं. तुमच्या आईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पांढरं लुगडं, हातात रुमाल. नवे साहेब बोलले, युनियनचे सेक्रेटरी बोलले. सगळे तुमच्या शिस्तीबद्दल, हसतमुख स्वभावाबद्दल बोलले. मग माझं नाव पुकारलं.

मी लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. म्हणाले, यांच्या नोकरीच्या फाईलमध्ये एक शेरा आहे, की यांना वागण्याची रीत नाही. तो खोटा आहे. त्या दिवशी एका माणसाने यांचा हात घेतला नाही, कारण त्याला तो घ्यायचा नव्हता. का घ्यायचा नव्हता, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मी तिथे होते. मी सगळं पाहिलं, आणि तेव्हाच्या साहेबांनी विचारल्यावर पाहिलं नाही म्हणून सांगितलं.

कुणीतरी खुर्ची सरकवली. दोघं-तिघं उठून गेले. नव्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि दोन मिनिटं शांततेसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मी उभी होतेच. मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल.

सभा संपल्यावर तुमच्या आई काठी टेकत माझ्याकडे आल्या. मी वाकायला गेले तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"तू म्हनालीस ते खरं हाय?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"तिनं कधी घरी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "तीन वरीस ती तिकडं शेडात व्हती, ते बी नाय. रोज संध्याकाळी यायची अन् सांगायची, आई, हापिसात मला लय मान हाय. समदे उठून उभं ऱ्हात्यात."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं, ताई. जे तुम्ही त्या म्हातारीपासून इतकी वर्षं रोज संध्याकाळी जपून दूर ठेवलंत, ते मी माझं मन मोकळं करायला शंभर माणसांसमोर तिच्या ओंजळीत टाकलं. तुमच्या बाबतीत मी दोनदा चुकले. एकदा गप्प राहून, आणि एकदा बोलून. तरी पुन्हा वेळ आली तर मी बोलेनच, हेही खरं. पण आधी नाशिकरोडला जाऊन, त्यांच्या ओट्यावर बसून, फक्त त्यांना सांगेन.

आई माझ्याकडे बघत होत्या. तुमचेच डोळे, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत न हलणारे.

"मंग व्हता का तिला मान?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं.

"तिनं मिळवला, आई," मी म्हणाले. "आम्ही दिला नाही."

त्यांनी मान हलवली, एकदाच. मग रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल, मला रिक्षापोहोत सोड. पाय दुखत्यात." मी त्यांना धरलं. कँटीनपासून गेटपर्यंत फार अंतर नाही, पण आम्हाला बराच वेळ लागला.